निष्कलंक जीवन आणि प्रेमकथा लिहिणारा वार्ताहर

१० डिसेंबर २०१३ रोजी अण्णा हजारे यांनी राळेगणसिद्धीत लोकपालासाठी बेमुदत उपोषण सुरू केले आणि पारनेर तालुक्यातल्या या गावाकडे पत्रकारांची रीघ लागली. दुसऱ्याच दिवशी, ११ डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल फिरवला. १८६० सालच्या दंड संहितेतले कलम ३७७ पुन्हा पूर्वीच्या अर्थाने लागू झाले आणि दोन सज्ञान पुरुषांचा संमतीचा संबंधही पुन्हा गुन्हा ठरला. १८ डिसेंबरला लोकसभेने लोकपाल विधेयक मंजूर केले, उपोषण सुटले, बातमीदार परतले. कलमाचा तो अर्थ मात्र ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करेपर्यंत कायम राहिला. त्या आठवड्यात सार्वजनिक जीवनाच्या शुद्धतेबद्दल मजकूर पाठवणाऱ्यांपैकी एखादा पुरुषावर प्रेम करणारा पुरुष असेल, हे मानायला आकडेवारी लागत नाही. तो बातमीदारीबरोबर दोन पुरुषांच्या प्रेमाच्या कादंबऱ्याही लिहीत असेल असे धरू. राळेगणने देशापुढे ठेवलेल्या नीतीच्या कसोटीवर या माणसाचे काय होते? दिवसा सत्य लिहायचे आणि रात्री प्रेमकथा रचायची, तीही समाज ज्याला कलंक म्हणतो त्या प्रेमाची, हे एका जीवनात प्रामाणिकपणे बसते का? प्रश्न धर्माचा आहे, कारण राळेगणची नीती उभी राहिली ती देवळात.

अण्णा माणसाकडून पाच गोष्टी मागतात: शुद्ध आचार, शुद्ध विचार, निष्कलंक जीवन, त्याग आणि अपमान सहन करण्याची शक्ती. यातली तिसरी गोष्ट आपल्या वार्ताहराच्या आड येते असे कोणालाही पटकन वाटेल. म्हणून कलंक कशाला म्हणायचे हे या गावाच्याच इतिहासाला विचारले पाहिजे. १९७५ मध्ये लष्करातून परतलेल्या अण्णांनी भविष्यनिर्वाह निधीचे पैसे गावातल्या यादवबाबांच्या पडक्या मंदिरासाठी खर्च केले आणि त्याच मंदिराच्या साक्षीने गावाने दारूच्या भट्ट्या बंद करण्याचा निर्णय घेतला. सुरुवातीच्या काळात न ऐकणाऱ्यांना खांबाला बांधून पट्ट्याने मारले गेले, हे अण्णांनी स्वतः जाहीरपणे सांगितलेले आहे. ती शिक्षा मला मान्य नाही, तिचा धाक घेऊन आलेली नीती अर्धीच असते. पण दारूलाच कलंक का मानले गेले याचे कारण स्वच्छ होते. मजुरीचे पैसे गुत्त्यात जात होते, घरी बायका मार खात होत्या, मुले उपाशी निजत होती, शेती ओसाड पडली होती. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीचे तर्कशास्त्रही तेच. एकाने झाड तोडले की माती वाहून जाते ती सगळ्या शिवाराची, आणि पाऊस जेमतेम पडणाऱ्या पारनेरच्या पठारावर वाहून गेलेली माती परत येत नाही. म्हणजे राळेगणने प्रत्यक्षात वापरलेली कसोटी दुसऱ्याला होणाऱ्या इजेची होती. शास्त्रात काय लिहिले आहे, हे त्या गावाने आधी विचारले नाही. माझ्या कृत्याने कोणाच्या घरची चूल विझते, हे विचारले.

ही कसोटी दोन पुरुषांच्या प्रेमाला लावून पाहावी. त्या प्रेमाने कोणाची चूल विझत नाही. विझते ती ते प्रेम दडपल्याने. घरच्यांच्या आग्रहाखातर, चारचौघांत मान राहावा म्हणून, असा मुलगा एखाद्या मुलीशी लग्न करतो. तिला काहीच सांगितलेले नसते. ती वर्षानुवर्षे आपल्यातच काही उणे आहे असे समजून झुरते, आणि गाव तिलाच विचारते की पाळणा का हलत नाही. या लग्नात फसवणूक आहे, एका निरपराध बाईच्या आयुष्याची नासाडी आहे, आणि तरी गावाच्या लेखी ते निष्कलंक असते. राळेगणच्या कसोटीने पाहिले तर कलंक इथे आहे. दोन माणसे एकमेकांना न फसवता, तिसऱ्याला न दुखवता एकत्र राहतात तिथे तो नाही. हे मांडणारी कादंबरी जो वार्ताहर लिहितो तो शुद्ध आचाराच्या विरुद्ध जात नाही, कारण एका मोठ्या सामाजिक असत्याचा पंचनामा करणे हेच तर त्याचे दिवसाचेही काम असते.

यावर पहिला आक्षेप ब्रह्मचर्याचा. अण्णा आजन्म अविवाहित राहिले. नवी दिल्लीच्या रेल्वे स्थानकावर हाती पडलेल्या विवेकानंदांच्या एका पुस्तकाने त्यांचे आयुष्य बदलले. कामना जिंकणे हाच अध्यात्माचा मार्ग असेल, तर कामनेची कथा लिहिणारा त्या मार्गावर कसा? या आक्षेपाला नुसत्या युक्तिवादापेक्षा मराठी मुलुखातल्याच एका दुसऱ्या आयुष्याचे उत्तर अधिक नेमके आहे. अशोक राव कवी हे मुंबईचे पत्रकार. इंग्रजी वृत्तपत्रांत त्यांनी वर्षानुवर्षे काम केले, आणि १९८० च्या दशकात, आपण समलिंगी आहोत हे बोलणे म्हणजे सगळे गमावणे होते तेव्हा, त्यांनी ते स्वतःच्या नावानिशी सांगितले. १९९० मध्ये त्यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले आणि १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ उभा केला. त्याआधी ते रामकृष्ण मिशनमध्ये संन्यासाच्या वाटेवर धर्मशास्त्र शिकत होते, आणि मठातल्याच एका ज्येष्ठ स्वामींनी त्यांना स्वतःपासून पळण्यासाठी मठ वापरू नये, बाहेर जाऊन आपले खरे आयुष्य जगावे असे सुचवले, हे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. एकाच विवेकानंदांच्या घरातून निघालेल्या या दोन वाटा आहेत. एक राळेगणच्या मंदिरातल्या खोलीत गेली, दुसरी मुंबईच्या एका नियतकालिकाच्या कचेरीत. मला दोन्ही धर्माच्या वाटा वाटतात, कारण दोन्हीकडे माणसाने स्वतःशी खोटे बोलणे थांबवले. संन्यास हा स्वीकारायचा असतो, लपायची जागा म्हणून वापरायचा नसतो. ज्याला प्रेम करण्याची मुभाच नाही त्याच्या त्यागाला त्याग कसे म्हणायचे? जे कधी हातात दिलेच नाही ते त्याने सोडले, असे म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप पत्रकारितेच्या बाजूने येतो आणि तो अधिक गंभीर आहे. बातमीदाराने जे घडले तेच लिहावे, तो कल्पनेत रमू लागला की त्याच्या बातमीवर कोण विश्वास ठेवणार? मराठीत या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांहून जुने आहे. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले, आणि ‘पण लक्ष्यांत कोण घेतो’ ही कादंबरी त्यातूनच वाचकांपुढे आली. संमतिवयाच्या विधेयकावरून तेव्हा महाराष्ट्रातली वृत्तपत्रे पेटली होती. अग्रलेखांत वय होते, शास्त्रार्थ होता, सरकारच्या अधिकाराचा वाद होता. ज्या मुलींबद्दल हे सगळे चालले होते त्यांचे मन त्या वादात कुठेच नव्हते. केशवपनाच्या वेळी एका मुलीला काय वाटते हे आपट्यांच्या यमूने सांगितले, कारण बातमीच्या चौकटीत ते सांगायला जागाच नव्हती. संपादक आपटे आणि कादंबरीकार आपटे यांच्यात भांडण नव्हते. पहिल्याला जिथे थांबावे लागत होते तिथून दुसरा पुढे जात होता.

विजय तेंडुलकरांचे उदाहरण या विषयाच्या आणखी जवळ येते. त्यांच्या उमेदवारीची वर्षे वृत्तपत्रांत गेली. १९८१ च्या सुमारास त्यांची दोन नाटके आगेमागे आली: ‘कमला’ आणि ‘मित्राची गोष्ट’. ‘कमला’चा आधार एक खरी घटना होती. एका पत्रकाराने बायकांची विक्री सिद्ध करण्यासाठी स्वतः एक बाई विकत घेतली होती. नाटकातल्या जयसिंगची बातमी अक्षर न् अक्षर खरी आहे, पुरावा सज्जड आहे, आणि तरी तो माणूस खोटा आहे, कारण आपल्या घरात बायकोही त्याच दर्जाने राहते हे त्याला दिसत नाही. ‘मित्राची गोष्ट’त उलटे आहे. सुमित्रा देव ही कल्पनेतली मुलगी, तिचे दुसऱ्या मुलीवरचे प्रेम कल्पनेतले, पण त्या काळच्या महाविद्यालयांत, वसतिगृहांत जे होते आणि ज्याबद्दल एकही वृत्तपत्र सहानुभूतीने लिहीत नव्हते ते त्यात आहे. वस्तुस्थिती आणि सत्य यांच्यातले हे अंतर ज्याला पत्रकारितेने शिकवले आहे तोच अशी नाटके लिहू शकतो. म्हणून कादंबरी लिहिल्याने वार्ताहराची विश्वासार्हता कमी होते हे मला पटत नाही. विश्वासार्हता कमी होते ती बातमीत कल्पना मिसळल्याने. ती कुंपणाची भिंत त्याने पक्की ठेवलीच पाहिजे. बातमीच्या निमित्ताने एखाद्याने विश्वासाने सांगितलेले दुःख उचलून, नाव बदलून कादंबरीत घालणे ही चोरी आहे, आणि समलिंगी माणसांच्या बाबतीत ती जीवघेणी चोरी ठरू शकते, कारण छोट्या गावात नाव बदलून कोणी ओळखू येत नाही असे होत नाही. या एका ठिकाणी आक्षेप घेणारे अगदी बरोबर आहेत आणि लेखकाने इथे स्वतःला सवलत देऊ नये.

तरी मुद्दा उरतो, की बातमीला जे जमत नाही ते नेमके काय. समलिंगी माणूस बातमीत येतो तो गुन्ह्याच्या रकान्यात, न्यायालयाच्या निकालात, एड्सच्या आकड्यांत किंवा आत्महत्येच्या चार ओळींत. यात बातमीदाराचा दुष्टपणा नसतो, बातमीचा स्वभावच असा आहे. काही बिघडले की ती होते. दोन पुरुष संध्याकाळी भाजी निवडत बसले, एकाने दुसऱ्याच्या आईला दवाखान्यात नेले, भाड्याच्या घराचा करार पुन्हा केला, यात बातमी नाही. परिणाम असा की वाचकासमोर जे चित्र साठते ते सगळे खऱ्या घटनांचे असूनही एकूण खोटे असते. र. धों. कर्व्यांनी हे फार आधी ओळखले होते. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवताना ते वाचकांचे खासगी प्रश्न छापत आणि लाज न बाळगता उत्तर देत. समलिंगी संबंधांविषयीच्या उत्तरांसह अशाच मजकुरावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उच्च न्यायालयात उभे राहिले. खटला ते हरले. पण ज्या माणसाबद्दल फक्त पोलीस आणि वैद्य बोलत होते, तो स्वतः प्रश्न विचारतो आहे आणि त्याला माणूस समजून कोणी उत्तर देते आहे, ही गोष्ट मराठीत नोंदली गेली.

‘पण मग प्रेमकथाच का, गंभीर कादंबरी का नाही?’ असे विचारणारे बरेच असतील. प्रेमकथा म्हणजे गोड शेवट, आणि गोड शेवट म्हणजे लबाडी, असा आपल्याकडच्या वाङ्मयीन जाणकारांचा जुना समज आहे. मराठीत या प्रेमाबद्दल जे थोडे आले ते बहुतेक दुःखात संपले. तेंडुलकरांची मित्रा मरते. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही २००६ ची कादंबरी अतिशय सुंदर आहे. पुण्यातल्या एका घरी राहायला आलेल्या तरुणावर तनय आणि त्याची बहीण अनुजा दोघेही प्रेम करतात, आणि तो दोघांनाही सोडून निघून जातो. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये पुण्यात ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन केल्यावर ‘पार्टनर’सारख्या पुस्तकांतून एका सर्वसामान्य मराठी मुलाची घुसमट सरळ, अलंकाराविना सांगितली, आणि ते काम साहित्याच्या मानसन्मानापेक्षा मोठे आहे. या दुःखकथा खऱ्या आहेत. पण फक्त दुःखकथाच उपलब्ध असतील तर वाचणाऱ्या मुलाच्या मनात एक नियम तयार होतो, की आपल्यासारख्याचा शेवट असाच. हा नियम खोटा आहे. मुंबई-पुण्यात आणि लहान गावांतही अशी माणसे एकमेकांना धरून म्हातारी होत आहेत. तेव्हा सुखान्त प्रेमकथा लिहिणारा वार्ताहर एका वगळलेल्या वस्तुस्थितीची दखल घेत असतो. आणि दुष्काळी गाव हिरवे होऊ शकते हे आधी कोणीतरी कल्पनेत पाहिल्यावाचून राळेगणचे बंधारे बांधले गेले नसते. जे अजून सर्वांना दिसत नाही ते शक्य आहे असे मानणे याला धर्मात श्रद्धा म्हणतात, आणि त्या श्रद्धेचे काम प्रेमकथा फार साध्या रीतीने करते.

परंपरेचा आक्षेप मला सर्वांत जास्त विचार करण्याजोगा वाटतो, कारण तो घेणारी माणसे अनेकदा मनाने चांगली असतात. हे आपल्या मातीतले नाही, वारकऱ्यांच्या मुलुखात असले काही शोभत नाही, असे ती म्हणतात. ज्ञानेश्वरी ज्या नेवाशात १२९० मध्ये सांगितली गेली ते राळेगणच्याच जिल्ह्यातले. त्याच ज्ञानदेवांच्या नावावर विराण्या आहेत, ज्यांत पुरुष कवी स्त्रीच्या आवाजात सावळ्या पुरुषोत्तमासाठी व्याकूळ होतो. रामकृष्ण परमहंसांनी मधुरभावाची साधना करताना स्त्रीवेष धारण केला होता. यावरून संत समलिंगी होते असे कोणी म्हणू लागले तर तो उथळपणा होईल, आणि त्यांच्या अनुभवाचा अपमानही. या परंपरेतून तेवढे निघत नाही. निघते ते वेगळे आणि माझ्या मते अधिक मोलाचे आहे. उत्कट ओढ, विरह, भेटीची आस हे परमसत्यापर्यंत जाण्याचे साधन आहे, आणि त्या ओढीची भाषा कोणाच्या तोंडी शोभते हे शरीराच्या लिंगावरून ठरत नाही, हे या मातीने सातशे वर्षांपूर्वी मान्य केले आहे. कलम ३७७ मात्र बाहेरून आले, इंग्रजांच्या दंड संहितेतून. मातीचा मुद्दा काढायचाच असेल तर तो संपूर्ण काढावा.

आता टोपणनावाचे काय? असा वार्ताहर बहुधा कादंबरीवर स्वतःचे नाव घालणार नाही, आणि पारदर्शकतेचा आग्रह धरणाऱ्यांना हे दुटप्पी वाटू शकते. इथे राळेगणच्या लढ्यातलेच एक तत्त्व कामी येते. माहितीच्या अधिकारासाठी महाराष्ट्रात जी उपोषणे झाली त्यांत अण्णांचा वाटा मोठा आहे. पण २००५ च्या केंद्रीय कायद्यात कलम ८ आहे आणि त्यात माणसाच्या वैयक्तिक माहितीला संरक्षण आहे. ते कायद्याचे वैगुण्य नाही, त्याचा गाभाच आहे. पारदर्शकता सत्तेकडून मागायची असते, कारण सत्ता दुसऱ्याचे बिघडवू शकते. सरपंचाने निधीचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवला पाहिजे. आपण कोणावर प्रेम करतो याचा हिशेब सरपंचानेही ठेवायचा नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला, तेव्हा लैंगिक कल हा त्या हक्काचा भाग आहे असेही सांगितले. आणि मराठी वाचकाला टोपणनाव परके नाही. राम गणेश गडकरी कवितेसाठी गोविंदाग्रज होते आणि विनोदासाठी बाळकराम, यात कोणाला फसवणूक दिसली नाही. फरक इतकाच की गडकऱ्यांनी ती नावे हौसेने घेतली. आपल्या वार्ताहराला ते भीतीने घ्यावे लागते, आणि भीतीने घेतलेल्या नावाचा दोष घेणाऱ्यावर टाकता येत नाही.

ही भीती सगळीकडे सारखी नसते. मुंबईत इंग्रजी वृत्तपत्रात पक्क्या नोकरीवर असलेल्याला धीर करता येतो, तरी तिथेही अशोक राव कवींसारखी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. तालुक्याच्या वार्ताहराची गोष्ट निराळी. त्याला अनेकदा पगार नसतो. जाहिरातींच्या टक्केवारीवर आणि दुकानदार, सोसायटीचा अध्यक्ष, पोलीस ठाणे, शाळेचे मुख्याध्यापक यांच्याशी असलेल्या ओळखीवर त्याचे पोट चालते. ही ओळख एका अफवेने तुटते. २०१८ चा निकाल त्याच्या मदतीला येत नाही, कारण त्याला तुरुंगाची भीती नसतेच, जाहिरात बंद होण्याची असते. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचे काम संसदेकडे सोपवले, तेव्हा ज्या माणसाबरोबर तो राहतो त्याला नाते म्हणून कागदोपत्री नाव मिळण्याची आशाही लांबणीवर पडली.

इथे अण्णांनी मागितलेली पाचवी गोष्ट पुढे येते: अपमान सहन करण्याची शक्ती. ती ऐकवून अशा माणसाला गप्प बसवणे सोपे आहे, आणि तसे केले जाते. पण हे मागणे ज्याच्याकडे काही बदलण्याचे बळ आहे आणि जो स्वतःहून लढ्यात उतरला आहे त्याच्याकडे केलेले आहे. ज्याचा अपमान जन्मापासून विनाकारण होतो आहे त्याला आणखी सोसायला सांगणे हा या तत्त्वाचा दुरुपयोग आहे. अपमान सोसण्याची पाळी इथे त्याच्या संपादकाची आहे. जिल्हा आवृत्तीच्या संपादकाने, तक्रार घेऊन आलेल्या जाहिरातदाराला, आमचा वार्ताहर बातमी खरी देतो की नाही एवढेच विचारा, तो कामाबाहेर काय लिहितो आणि कोणाबरोबर राहतो हा त्याचा प्रश्न, असे तोंडावर सांगावे आणि एखादी जाहिरात गेली तर जाऊ द्यावी. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, नवे धोरण लागत नाही. दर्पणकार जांभेकरांच्या नावाने दर ६ जानेवारीला पत्रकार दिन साजरा करणाऱ्या प्रत्येक वृत्तपत्राला एवढा त्याग आजच परवडू शकतो.